वापीला उतरून पुढे

बडोद्याहून मुंबईस जाणाऱ्या मराठी माणसाने वापी स्टेशन शेकडो वेळा पाहिलेले असते. चहाचा एक पेला व्हावा एवढा वेळ गाडी तेथे थांबते, कारखान्यांचा वास नाकाशी येतो, आणि गाडी सुटते. तेथे उतरून सुमारे 15 किलोमीटरवरच्या सिल्वासाला गेलेले किती निघतील, हे दांडियाबाजारात आणि रावपुऱ्यात घरोघर विचारून पाहावे. जे गेले असतील ते बहुधा एखाद्या कारखान्याच्या कामासाठी किंवा दमणगंगेकाठच्या हॉटेलात दोन दिवस हवापालट करण्यासाठी. 2 ऑगस्ट 1954 रोजी ज्या गावातून पोर्तुगीजांचे राज्य उठले, आणि ज्या कामी मराठी गायक, इतिहासलेखक आणि कोशकार हातात बंदूक घेऊन गेले, ते गाव पाहावे म्हणून गेलेला मनुष्य विरळाच. गेला तरी काय पाहावे हे त्याला कळणार नाही. चर्च दिसेल, सरकारी कचेऱ्या दिसतील, रहदारी दिसेल. लढाई दिसणार नाही.

लढाई दिसावयास ती दाखविणारा सोबत लागतो. लंडनमध्ये दुसऱ्या महायुद्धात बाँब कोठे पडले, लोक कोणत्या भुयारात झोपत, हे जाणते लोक पायी हिंडवून सांगतात, आणि लोक पैसे देऊन पावसात छत्र्या घेऊन त्यांच्यामागे चालतात. आपल्याकडे इंफाळच्या आसपास 1944 च्या रणभूमीवर तेथील स्थानिक मंडळी पाहुण्यांना टेकडी-टेकडी दाखवितात. बडोद्यातही हौशी मंडळी लहेरीपुरा दरवाजापासून मांडवीपर्यंत लोकांस फिरवून आणतात. ज्या रस्त्याने आपण जन्मभर भाजी आणली तो रस्ता त्या दिवशी निराळा दिसतो. असाच एक पायी फेरा दादरा व नगर हवेलीत नेमाने चालू व्हावा, ही आमची सूचना आहे. तो कसा असावा याविषयी आमचे काही आग्रह आहेत, आणि ते प्रथमपासून धरले नाहीत तर फेरा न काढलेला बरा, इतपत ते आम्हांस महत्त्वाचे वाटतात.

प्रथम रस्त्याविषयी. नकाशा पाहून जे ध्यानात येत नाही ते येथे पायांना कळते. पोर्तुगीजांचे दमण समुद्रकाठी. तेथून आत दादरा हा तीन गावांचा तुकडा, चोहोबाजूंनी हिंदुस्थानच्या मुलखाने वेढलेला. दादऱ्याच्या पुढे लवाछा हे पुन्हा हिंदुस्थानातले गाव. ते ओलांडले की पिपरिया, आणि मग सिल्वासा, नगर हवेलीचे मुख्य ठाणे. सगळे मिळून थोड्याच किलोमीटरांचे चालणे. पण तेवढ्यात माणूस परक्या राज्यातून आपल्या राज्यात आणि आपल्या राज्यातून पुन्हा परक्या राज्यात जातो. दमणहून दादऱ्यास आणि दादऱ्याहून सिल्वासास एक शिपाई पाठवावयाचा तरी पोर्तुगीजांना हिंदुस्थान सरकारच्या परवानगीवाचून गती नव्हती. जुलै 1954 मध्ये ती वाट बंद झाली, आणि आतल्या ठाण्यांची स्थिती विहिरीतल्या बेडकासारखी झाली. हे एका वाक्यात सांगता येते खरे. पण ज्याने सकाळी दादऱ्यास निघून दुपारी घामाघूम होऊन सिल्वासा गाठले, त्याला ते पुन्हा सांगावे लागत नाही.

घडले ते थोडक्यात असे. 22 जुलैच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स या संघटनेचे लोक फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या पुढारपणाखाली दादऱ्याच्या पोलीसचौकीवर गेले आणि ती घेतली. 28 जुलैला दमणगंगेपलीकडचे नरोली पडले. ते काम आझाद गोमांतक दलाचे आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या स्वयंसेवकांचे. गोव्यातील डाव्या पक्षाची माणसेही त्यात होती. मग पिपरियाची चौकी, आणि 2 ऑगस्टला सिल्वासा. पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो सुमारे 150 पोलिसांसह दक्षिणेस खानवेलकडे हटला होता. सिल्वासाच्या चौकीत उरलेल्या पाच जणांनी शस्त्रे खाली ठेविली. फिदाल्गो 11 ऑगस्टला उधव्याजवळ हिंदुस्थानच्या पोलिसांच्या स्वाधीन झाला. याला युद्ध म्हणावे की नाही, याची चर्चा पंडितांनी करावी. ज्यांनी भर पावसात चौकीच्या दारात पाऊल टाकले, त्यांना आत पाच जण आहेत की पन्नास हे ठाऊक नव्हते.

त्या तुकडीच्या पुढारपणात राजा वाकणकर, नाना काजरेकर यांच्याबरोबर सुधीर फडके होते, हे आमच्या कित्येक वाचकांना ऐकून ठाऊक असेल. पण त्याचा काळ जुळवून पाहण्याचे सहसा कोणी मनावर घेत नाही. सिल्वासा मुक्त झाले ऑगस्ट 1954 मध्ये. पुणे आकाशवाणीवर गीतरामायणाचे पहिले गाणे वाजले 1 एप्रिल 1955 रोजी. मध्ये आठ महिने. म्हणजे ज्या गळ्याने पुढचे वर्षभर दर आठवड्यास महाराष्ट्राला रेडिओभोवती बसविले, तो गळा नुकताच रात्री-अपरात्री भिजत हिंडून आलेला होता. गाणाऱ्याने दही खाऊ नये, थंड पाणी पिऊ नये, दवात बसू नये, असे नियम आम्हां गाण्याबजावण्यातल्या मंडळींत पिढ्यानपिढ्या पाळतात. गाणे हे ज्याच्या पोटाचे आणि प्रतिष्ठेचे साधन आहे, तो मनुष्य गळा असा पावसात नेतो तेव्हा त्याने काय पणास लावले, हे गाणारा जितके जाणेल तितके दुसरा कोणी जाणणार नाही. गोळी लागली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मोठा आहेच. पण नुसता गळा बसला असता तरी छप्पन गाण्यांचे काय झाले असते, हाही प्रश्न आम्हांस पडतो.

आणि हे एकट्या फडक्यांचे नव्हते. या कामासाठी पैसा हवा होता, म्हणून लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम त्याच वर्षी पुण्यात झाला. मंगेशकरांचे मूळ गाव गोव्यातले मंगेशी; त्यांना हे काम परक्याचे वाटण्याचे कारण नव्हते. तुकडीत बाबासाहेब पुरंदरे होते. शिवचरित्र सांगणारा म्हणून महाराष्ट्र त्यांना पुढे ओळखू लागला. विश्वनाथ नरवणे होते. याच नरवण्यांनी पुढे 1961 साली सोळा भाषांचा भारतीय व्यवहार कोश प्रसिद्ध केला. संगीत, इतिहास, भाषा या तीन घरांतील माणसे एका पोलीसचौकीच्या कुंपणाशी एकत्र आली, अशी दुसरी जागा महाराष्ट्रात दाखवावी. आणि ही जागा महाराष्ट्रात नाही. ती गुजरात आणि महाराष्ट्राच्या सीवेवर, बडोद्याच्या मराठी माणसाच्या मुंबईच्या वाटेवर आहे.

इतके सांगून फेरा संपविला तर श्रोते खूष होऊन घरी जातील. आमचा आग्रह आहे तो येथे. फेऱ्यात हे सांगावे, पण एवढेच सांगू नये.

दादऱ्याच्या चौकीत त्या रात्री अनिसेतो रोझारिओ हा पोलीस अधिकारी मारला गेला. पोर्तुगालने त्याला वीर ठरविले; आपल्याकडे त्याचे नाव कोणी घेत नाही. मुक्तीच्या कथेत शत्रूपक्षाकडील मेलेल्या माणसाला नाव असू नये, ही जुनी खोड आहे. त्या जागी उभे राहून त्याचे नाव उच्चारले म्हणजे मुक्तीचे तेज कमी होते, असे आम्हांस वाटत नाही. तो आपल्या चाकरीस जागला. त्या चाकरीचे राज्य जावयास हवे होते आणि गेले. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगता येतील असा सांगणारा पाहिजे.

दुसरी गोष्ट श्रेयाची. दादरा एकाने घेतला, नरोली दुसऱ्याने, सिल्वासा तिसऱ्याने, आणि उधवा-तलासरीच्या बाजूने वारल्यांमध्ये लाल बावट्याचे कार्यकर्ते त्याआधी अनेक वर्षे पाय रोवून होते. आज प्रत्येक पक्षाची आपापली हकीकत आहे, आणि प्रत्येकीत इतरांचा उल्लेख एका ओळीत उरकलेला असतो. उद्या कोणा एका पक्षाच्या हाती हा फेरा गेला तर तो इतिहासाचा फेरा न राहता मिरवणूक होईल. त्यापेक्षा श्रोत्यास सरळ सांगावे, की येथे चार वाटांनी माणसे आली, त्यांचे आपसांत पटत नव्हते, आणि तरीही पंधरवड्यात काम झाले. ही हकीकत एकमुखी शौर्यकथेपेक्षा अधिक मनोरंजक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी, आणि तीच बहुधा राहून जाते. हा मुलूख वारली, धोडिया, कोकणा, काथोडी यांचा. राज्य कोणाचे, हा प्रश्न इतरांनी त्यांच्या डोक्यावरून एकमेकांना विचारला. पुणे दरबाराने 1779 च्या तहाने पोर्तुगीजांना बारा हजार रुपये वसुलाची गावे कबूल केली. 1783 आणि 1785 च्या सनदांनी ती त्यांच्या ताब्यात गेली. म्हणजे ज्या गावांसाठी मराठी तरुण 1954 साली लढले ती गावे मराठ्यांनीच लिहून दिली होती, हे आपणां मराठी मंडळींना सांगितले पाहिजे, थोडे अवघड वाटले तरी. गंमत अशी, की हाच कागद पुढे उपयोगी पडला. पोर्तुगालने 1955 च्या डिसेंबरात हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात हिंदुस्थानवर फिर्याद केली. तेथे सरंजाम या आपल्या शब्दाचा कीस निघाला. 12 एप्रिल 1960 च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की पेशव्यांनी दिला तो वसुलाचा हक्क होता, राज्य दिले नव्हते. पोर्तुगीजांचे स्वामित्व इंग्रजांनी पुढे मानीत नेले. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती. फौज, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांना ती नव्हती. आणि हिंदुस्थानने कसूर केली नाही. नंतर 11 ऑगस्ट 1961 रोजी हा प्रदेश रीतसर भारतात सामील झाला. सातव्या वर्षापर्यंत तो आपला कारभार आपणच पाहात होता, हेही फारसे कोणास ठाऊक नसते. पण या सर्व कागदांत ज्या वारल्याच्या शेताचा सारा मोजला, त्याचे म्हणणे कोठे नाही. त्याच्या घरी 1954 नंतर काय पालटले आणि काय तसेच राहिले, हे त्याच्या नातवाकडून ऐकल्यावाचून फेरा पुरा होत नाही.

आता सांगणार कोण? 1954 साली वीस वर्षांचा असलेला मनुष्य आज नव्वदी ओलांडलेला असेल. बाबासाहेब पुरंदरे 2021 मध्ये गेले, फडके 2002 मध्ये. गावही ते राहिले नाही. 1961 च्या शिरगणतीत साऱ्या दादरा व नगर हवेलीची वस्ती 57,963 होती. 2011 मध्ये ती 3,43,709 झाली. आलेले लोक कारखान्यांसाठी आलेले, देशाच्या कानाकोपऱ्यांतून. त्यांना 2 ऑगस्ट ही एक सुट्टी आहे. नदीही ती राहिली नाही. वर मधुबन धरण झाले, आणि पुराची जी दमणगंगा ओलांडण्याचा त्या वेळी प्रश्न होता ती आता दरवाजे उघडतील तेव्हाच दिसते. पाहिलेला मनुष्य नाही, स्थळ पालटले, तर उरते काय? आमच्या गाण्याच्या विद्येला हा प्रश्न नवा नाही. कागदावर लिहिलेली बंदिश म्हणजे बंदिश नव्हे. ती गुरूच्या मुखातून घ्यावी लागते, कोठे थांबावयाचे आणि कोठे उचलावयाचे यासकट. जपानात हिरोशिमा शहराने 2012 साली हेच केले. अणुबाँबमधून वाचलेले लोक थकत चालले, म्हणून त्यांची हकीकत पुढे सांगण्यासाठी तरुण मंडळींना त्यांच्याजवळ बसवून तयार करण्यास आरंभ केला. त्या शिष्यांना वर्षानुवर्षे तालीम घ्यावी लागते, आणि मगच ते लोकांपुढे उभे राहतात. सिल्वासात प्रत्यक्ष सहभागी झालेले आता जवळजवळ नाहीत. पण त्यांच्या बायका-मुलांनी ऐकलेले, आणि त्या ऑगस्टमध्ये लहान असलेल्या गावकऱ्यांनी दारातून पाहिलेले, अजून घेता येईल. हा अवधी फार नाही.

म्हणून तालमीची जागा सुचवितो: टोकरखाडा. सिल्वासाच्या या भागात सरकारी उच्च माध्यमिक शाळा आहे. तेथील वरच्या वर्गांतील दहा-बारा मुले-मुली निवडावीत, त्यांत आदिवासी घरची निम्मी तरी असावीत. पहिले वर्ष त्यांनी कोणास काही सांगू नये. नुसते घरोघर जाऊन ऐकावे आणि टिपून घ्यावे, मराठीत, गुजरातीत, वारली बोलीत, ज्याच्या त्याच्या भाषेत. दुसऱ्या वर्षी फेरे सुरू करावेत. निघावयाचे दादऱ्याहून, लवाछा-पिपरियावरून टोकरखाड्यास, शाळेत पाणी पिऊन मग गावात. 1897 चे पोर्तुगीज चर्च शेवटी दाखवावे. 1885 साली पोर्तुगीजांनी या गावाचे नाव बदलून आपल्या एका गव्हर्नरच्या नावावर ठेविले आणि ते कोणाच्या जिभेवर बसले नाही, ही गोष्ट त्या आवारात सांगावयास फार चांगली आहे. एका वेळी वीसहून अधिक माणसे घेऊ नयेत. लाउडस्पीकर मुळीच नको.

थंडीच्या दिवसांत लोक अधिक येतील, हे खरे. तरी वर्षाचा पहिला फेरा जुलै अखेरीस, धो धो पावसातच काढावा. बडोद्याची मंडळी पहाटेच्या गाडीने निघाली तर वेळेवर पोचतात. छत्री आणि जुनी चप्पल बरोबर असावी.