गिनी पिगचे दात आणि घरची रात्रपाळी

गिनी पिगच्या दातांची शस्त्रक्रिया ठरली की घरच्यांची सगळी चिंता भुलीभोवती फिरते. एवढासा जीव शुद्धीवर येईल ना? ही काळजी रास्त आहे. पण तो शुद्धीवर आला, पिंजऱ्यात इकडेतिकडे पाहू लागला की घर निश्चिंत होते, आणि दुसरा धोका तिथूनच सुरू होतो. शस्त्रक्रिया नीट होऊनही हा प्राणी केवळ उपाशी राहिल्याने दगावू शकतो. म्हणून पुढच्या आठवडाभर त्याला कोण, कधी आणि काय भरवणार, हे शस्त्रक्रियेच्या आधीच ठरलेले असायला हवे.

गिनी पिगला २० दात असतात आणि ते सगळे आयुष्यभर वाढत राहतात. चिवट गवत तासन्‌तास चघळल्याने ते झिजतात. गवताऐवजी पाव, बिस्किटे, धान्य किंवा नुसते गोळी खाद्य मिळत राहिले की ही झीज कमी पडते. मग खालच्या दाढा आत कलून जिभेवर पुलासारख्या येतात, वरच्या दाढांच्या कडा गालाला टोचतात. प्राणी भुकेने खाण्याजवळ येतो, हुंगतो आणि मागे फिरतो. हनुवटी लाळेने ओली राहते, वजन उतरते. डॉक्टर भूल देऊन दाढा घासतात आणि योग्य उंचीवर आणतात. मात्र दुखरे तोंड आणि अशक्त झालेले जबड्याचे स्नायू लगेच कामाला लागत नाहीत.

इथे माणसाचा हिशेब लावून चालत नाही. आपल्याला एक दिवसाचा उपवास सोसतो, गिनी पिगला सोसत नाही. त्याचे आतडे सतत येणाऱ्या चोथ्यावर चालते. खाणे थांबले की आतड्याची हालचाल मंदावते, वायू साठतो, पोट दुखते आणि दुखण्यामुळे तो आणखीच खात नाही. अर्धा दिवस अन्नाला तोंड लावले नाही आणि लेंड्या थांबल्या, तर सकाळपर्यंत वाट पाहू नये, डॉक्टरांना लगेच कळवावे.

भरवण्याची पद्धत अवघड नाही, चिकाटीची आहे. डॉक्टरांनी दिलेली पूड किंवा कोमट पाण्यात भिजवून मऊ केलेले गोळी खाद्य बिनसुईच्या सिरिंजने द्यावे. सिरिंज पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेत बाजूने घालावी, थोडेसेच सोडावे आणि तो चावून गिळेपर्यंत थांबावे. त्याला पाठीवर उताणे करू नये, घाईही करू नये. अन्न श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसांना सूज येते. हे दर तीन-चार तासांनी करावे लागते, रात्रीसुद्धा. रोजचे प्रमाण डॉक्टरांकडून वजनानुसार लिहूनच घ्यावे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज ठरावीक वेळी वजन करावे, कारण दाट केसांमुळे उतरलेले वजन डोळ्यांना दिसत नाही.

दुसरी गरज क जीवनसत्त्वाची. माणसाप्रमाणेच गिनी पिगच्या शरीरातही ते तयार होत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनी पिगना स्कर्व्ही होते हे दाखवले. पुढे याच प्राण्यावरच्या प्रयोगांमुळे क जीवनसत्त्वाची ओळख पटली. ते कमी पडले तर हिरड्या दुखतात, दात हलतात, जखम लवकर भरत नाही. ते पाण्याच्या बाटलीत मिसळले तर लवकर निकामी होते, म्हणून औषध थेट तोंडात द्यावे. तो चावू लागला की ढोबळी मिरचीचे किंवा पेरूचे बारीक काप थोड्या प्रमाणात देता येतात.

घरातली उरलेली औषधे मात्र देऊ नयेत. माणसांना सर्रास मिळणारे अमॉक्सिसिलिन गिनी पिगच्या पोटात गेले, तर आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात आणि घातक जीवाणू माजतात. त्यातून जीवही जातो. वेदनाशामकही डॉक्टरांनी दिलेलेच हवे.

इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरसारख्या गावात या शुश्रूषेसाठी लागणाऱ्या दोन गोष्टी जवळच आहेत. पहिली गवत. परदेशी वाळल्या गवताचे महाग पाकीट परवडले नाही, तर बांधावरची हरळी उपयोगी पडते. मात्र ऊसपट्ट्यात तणनाशक सर्रास मारले जाते, त्यामुळे फवारणी झालेल्या बांधावरचे गवत घेऊ नये. हिरव्या चाऱ्याची सवय नसेल, तर सुरुवात थोड्यापासून करावी. दुसरी गोष्ट पाळ्यांची सवय. यंत्रमागावर दिवसपाळी-रात्रपाळी करणाऱ्या घरांना कामाच्या वेळा वाटून घेणे नवे नाही. भरवण्याच्या वेळाही तशाच वाटून घेता येतात. हे काम एकट्या आईवर किंवा ज्याने हट्टाने प्राणी आणला त्या लहान मुलावर टाकणे मात्र योग्य नाही.

एवढ्याशा प्राण्यासाठी इतका खटाटोप कशाला, असा प्रश्न येतोच. प्राण्याच्या किमतीपेक्षा उपचाराचा खर्च जास्त, हा हिशेबही खरा आहे. शिवाय दाढांची मुळे बिघडली असतील, तर काही आठवड्यांनी पुन्हा घासाव्या लागतात, काहींना आयुष्यभर. त्यामुळे उपचार झेपेल का, प्राण्याला त्यातून सुख मिळेल का, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून ठरवणे यात निर्दयपणा नाही. शस्त्रक्रियेचे पैसे भरून नंतर त्याला भरल्या ताटासमोर उपाशी ठेवणे हा मात्र निर्दयपणाच आहे.

यातला बराचसा त्रास मुळात टाळता येण्यासारखा आहे. विक्रेत्याने पिंजऱ्याबरोबर ‘रोजचा मुख्य आहार गवत’ एवढी सूचना छापून द्यावी. डॉक्टरांनी घरी सोडताना भरवण्याच्या वेळा आणि धोक्याच्या खुणा लिहून द्याव्यात. आणि घरच्यांनी तो चिठ्ठीचा कागद फ्रिजवर चिकटवून प्रत्येक वेळेपुढे भरवणाऱ्याचे नाव लिहावे.