पुस्तकाचंही बोला की पारावर

आज फवारणी नाही, खत नाही. जरा वेगळं लिहितोय.

हरभऱ्याला पाणी चालू आहे. थ्री फेज लाईट रात्रीची, म्हणून मोटरीपाशी बसून राहावं लागतं. तेवढ्या वेळात मी पुस्तक वाचतो. बरीच वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. शिक्षण दहावी, त्यात "आता काय कलेक्टर होतोस का?" असं कुणी म्हणायला नको. पुस्तक खताच्या पिशवीत घालून न्यायचो.

मागच्या महिन्यात डेअरीवर दूध घालताना सहज बोलून गेलो की आनंद यादवांची 'गोतावळा' परत वाचतोय. 1971 सालची कादंबरी. नारबा नावाचा गडी, मळ्यातली जनावरं हाच त्याचा गोतावळा, आणि मग मळ्यात ट्रॅक्टर येतो. एवढंच सांगितलं. शेजारचे अण्णा कॅन खाली ठेवून गप्प उभे राहिले. त्यांनी दोन वर्षांमागं बैलजोडी विकली. आम्ही सगळ्यांनी तेव्हा "बरं केलं, वैरण परवडत नाही" म्हणून विषय मिटवला होता. त्या दिवशी अण्णा म्हणाले, "दावणीकडं अजून बघवत नाही रं."

बांधाला बांध लागून आमची जमीन, तरी मला हे माहीत नव्हतं.

आपण भाव, पाऊस, कीड यावर तासभर बोलतो. मनातलं बोलायला मात्र जीभ रेटत नाही. पुस्तकातल्या माणसाचं बोलता बोलता आपलंही बाहेर पडतं. म्हणून वाचत असाल तर लपवू नका, बोला.

कुणी म्हणेल, हे पोट भरलेल्यांचे चोचले. तर महात्मा फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो कर्जात बुडालेल्या कुणब्यासाठीच. आणि लिहून गप्प बसले नाहीत, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. ऐकणाऱ्यांत कितीतरी जणांना अक्षरओळखही नसेल.

कृषी सहायक साहेबांना पण एक विनंती. शेतीशाळा संपल्यावर पाच मिनिटं विचारा, कुणी काय वाचलं? पुस्तक आवडलं नाही, अर्ध्यात सोडलं, असंही सांगू द्या. परीक्षा घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही.

'गोतावळा' आता अण्णांकडं आहे. चष्मा नवा केलाय त्यांनी.