परदेशातला रोजचा दिवस कोणी लिहायचा?

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना आम्ही मराठीचे अध्यापक एक गोष्ट न बोलता गृहीत धरतो. प्रवासी म्हणजे परत येणारा मनुष्य. तो जातो, पाहतो, विस्मित होतो, मधूनमधून फजीत होतो आणि घरी परतून पंख्याखाली बसून लिहितो. त्याच्या लेखनाची लक्षणे आम्ही फळ्यावर लिहून देतो: स्थलवर्णन, निसर्गवर्णन, व्यक्तिदर्शन, तुलना, विनोद. विद्यार्थी ती उतरवून घेतात आणि परीक्षेत आम्हाला परत करतात. या व्यवहारात वाईट काही नाही. मात्र आमच्या समोरच्या बाकांवरून उठून जी मुले खरोखरच परदेशी गेली, त्यांचा दिवस या लक्षणांत बसत नाही, हे आमच्या ध्यानात यायला फार उशीर झाला.

जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांतून परदेशी जाणारा तरुण म्हटला की पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतला संगणक अभियंता उभा राहतो. तसेही आमच्याकडे आहेत. परंतु अलीकडच्या काळात तालुक्याच्या गावांतून, कापूस, केळी नाही तर कांदा पिकवणाऱ्या घरांतून, जी मुले बाहेर पडली त्यांतली कितीतरी वैद्यकीय शिक्षणासाठी रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया आणि २०२२ पर्यंत युक्रेन अशा देशांत गेली. कारण गावात सर्वांना तोंडपाठ आहे. ‘नीट’मध्ये शासकीय महाविद्यालयापुरते गुण पडत नाहीत आणि खासगी महाविद्यालयाची फी झेपत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार अशा विद्यार्थ्याने किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेतील १२ महिन्यांची आंतरवासिता परदेशातच पुरी करायची असते. एखाद्या ठिकाणी साडेपाच-सहा वर्षे काढणाऱ्याला प्रवासी तरी कसे म्हणावे?

आमचा एक माजी विद्यार्थी व्होल्गेच्या काठच्या एका शहरात असे शिक्षण घेतो आहे. धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. अकरावी-बारावीला विज्ञान शाखेत होता आणि मराठी आमच्याकडे शिकत होता. महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी आम्ही त्याच्याकडे लेख मागितला. त्याने आज्ञाधारकपणे पाठवला. त्यात ‘शुभ्र हिमाची दुलई’ होती, ‘निसर्गाची मुक्त उधळण’ होती, सोनेरी घुमटांची चर्च होती आणि अखेरीस मातृभूमीची आठवण होती. लेख छापण्याजोगा होता. आम्ही तो छापलाही. त्यात आक्षेपार्ह काही नव्हते, कारण ते सर्व आम्हीच फळ्यावर लिहून दिलेले होते.

पुढे एका रविवारी त्याचा फोन आला आणि तो तासभर बोलत राहिला. तो तास आम्हाला त्या लेखाहून कितीतरी मोलाचा वाटला. तिकडे खोली उबदार करणे राहणाऱ्याच्या हाती नसते. बाहेरचे सरासरी तापमान सलग पाच दिवस आठ अंशांखाली राहिले, की सबंध शहराची ऊब नळ्यांतून एकदम सुरू होते. तोवर अंगावर दोन स्वेटर घालून बसायचे. आणि एकदा ती सुरू झाली, की जानेवारीत खिडकी किलकिली ठेवून निजायचे. ‘सर, बाहेर उणे वीस, आणि आत धुळ्याचा मे महिना.’ विद्यापीठात शिरताना ओव्हरकोट खालीच जमा करायचा आणि क्रमांकाचा बिल्ला घ्यायचा. कोट घालून वर्गात जाता येत नाही. रुग्णालयात शिरायचे तर बुटांवर निळे प्लास्टिकचे मोजे चढवायचे. ते विसरले की दारावरची म्हातारी आत सोडत नाही, मग शिकवणारे प्राध्यापक स्वतः का असेनात.

गावात फिरायला ‘मार्श्रुत्का’ नावाची छोटी बस असते. काही गाड्यांत मागे बसलेल्याने भाड्याचे पैसे पुढच्याच्या हाती द्यायचे, त्याने त्याच्या पुढच्याच्या, असे करत ते चालकापर्यंत पोहोचतात आणि सुटे पैसे त्याच वाटेने हातोहात परत येतात. कोणी मध्ये खिशात घालत नाही. हे सांगताना त्याला आपल्याकडची काळी-पिवळी आठवली, जिच्यात मागच्या दारात लोंबकळणाऱ्याचे भाडे असेच पुढे जाते. सुट्टीत मित्रांबरोबर मॉस्कोला जायचे तर ‘प्लात्सकार्त’ हा स्वस्तातला डबा. चोपन्न शय्यांचा, आडपडद्याशिवायचा, आपल्या स्लीपरच्या डब्यासारखाच बाजूच्या बर्थांसकट. मात्र टोकाला उकळत्या पाण्याचा बंब, त्यामुळे रात्रभर कोणी ना कोणी चहा करतच असतो. परतल्यावर पहिले काम वसतिगृहाच्या कार्यालयात पारपत्र नेऊन देण्याचे, म्हणजे परदेशी माणसाची राहत्या पत्त्यावरची नोंद पुन्हा होते. हे राहिले तर दंड. आमच्या पाठ्यपुस्तकातील एकाही प्रवाशाला असे काम पडल्याचे आम्हाला आठवत नाही.

मग वांग्याची गोष्ट. तिकडे वांगी मिळतात, चांगली मोठी मिळतात, आणि तिकडचे लोकही ती भाजून-परतून त्यांचा लगदा करून पावाला लावून खातात. पण वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात शेगडी विजेची. तिच्यावर वांगे शिजते, भाजत नाही. कपाशीच्या काड्यांचा जाळ आणि धूर लागल्याशिवाय भरीत होत नाही, हे त्याला तिथे जाऊन कळले. घरी ते कळण्याचे कारणच नव्हते. कळण्याची भाकरी करून पाहण्याचा नादही त्याने दुसऱ्या वर्षी सोडला, कारण घरून नेलेले ज्वारी-उडदाचे पीठ संपले होते. ज्वारी तिकडे कोठे मिळते हे त्याला आजवर सापडलेले नाही. भाताऐवजी तो आता ‘ग्रेच्का’ नावाचा तपकिरी दाणा शिजवतो आणि त्यावर वरण ओततो.

येथे आम्ही त्याला अडवून विचारले, की बाबा रे, हे सगळे तू लेखात का लिहिले नाहीस? तो गोंधळला. म्हणाला, ‘सर, हे काय लिहायचं? हे तर रोजचंच आहे.’

या उत्तरापाशी आम्ही बराच काळ अडखळलो आहोत. रोजचे ते लिहिण्याजोगे नव्हे, ही समजूत त्याने कोठून घेतली? घरून नक्कीच नाही. घरी तर आई रोजचेच विचारते: जेवन जयं का, थंडी कितली शे. ही समजूत त्याला आम्ही दिली.

वास्तविक मराठीतील प्रवासलेखनाचा आरंभ रोजच्या विवंचनेतच झालेला आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते देशदर्शनासाठी नव्हे, तर घरावरचे कर्ज दक्षिणेच्या पैशातून फिटेल या आशेने. बंडाची धामधूम त्यांच्या वाटेत आली. ‘माझा प्रवास’ या पुस्तकात (प्रथम प्रकाशन १९०७) राजकारण जेवढे आहे तेवढीच पैशाची, अन्नाची आणि जिवाची चिंता आहे. पंडिता रमाबाई अमेरिकेत राहून आल्या आणि १८८९ साली त्यांनी तेथील लोकस्थितीवर पुस्तक लिहिले. त्यात प्रेक्षणीय स्थळांपेक्षा माणसे कशी जगतात याचा शोध मोठा आहे. धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ (१९२४) आम्ही आत्मचरित्राच्या खणात ठेवतो. पण विद्येसाठी घर सोडून सिलोन, ब्रह्मदेश करत फिरणाऱ्या निर्धन तरुणाचे ते दैनंदिन वृत्त आहे, आणि आमच्या या वैद्यकीय विद्यार्थ्यांना ते जितके जवळचे वाटेल तितके दुसरे पुस्तक क्वचितच वाटेल.

पुढच्या काळात खण बदलला. रशियापुरतेच बोलायचे तर अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) आणि अण्णा भाऊ साठे यांचे ‘माझा रशियाचा प्रवास’ ही दोन पुस्तके आपल्यापाशी आहेत. दोघेही तेथे एक विचार प्रत्यक्षात उतरलेला पाहायला गेले होते. त्यांच्या लेखनाला त्या ओढीमुळे तेज आहे. आमचा विद्यार्थी कोणताही विचार पाहायला गेलेला नाही. तो पदवी आणायला गेला आहे. पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ (१९६०) तर इतकी लाघवी, की तिच्यामागून आलेल्या दोन पिढ्यांना परदेशाविषयी दुसऱ्या सुरात लिहिणेच अवघड झाले. हा दोष पु. लं.चा नाही, त्या पुस्तकाला साचा करून वापरणाऱ्यांचा आहे. ज्याच्यापाशी परतीचे तिकीट आहे त्याला फजितीत मौज वाटते. ज्याची सहा वर्षे आणि बापाचे शेत पणाला लागलेले आहे, त्याच्या फजितीचा सूर वेगळा असणार.

मग याला जवळचे पुस्तक कोणते? आमचे उत्तर काहींना विक्षिप्त वाटेल. ‘कोसला’. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३च्या या कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला जातो. देशाची हद्द ओलांडत नाही. पण वसतिगृह, तेथली मेस, तिचा विस्कटलेला हिशेब, वडिलांकडून येणारा पैसा आणि त्या पैशाबरोबर येणारी शरम, दूर असताना घरी झालेला धाकट्या बहिणीचा मृत्यू, आणि अखेर पदरात काही न पडता गावी परतणे, या सर्वांत परदेशी राहणाऱ्या खानदेशी तरुणाचा नकाशा जवळजवळ पुरा आलेला आहे. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी रशियातील व्यवहार थांबवले, तेव्हा घरून पैसा कोणत्या मार्गाने, कोणाच्या मध्यस्थीने आणि किती कापून पोहोचायचा, हा आमच्या विद्यार्थ्याच्या महिन्याचा मुख्य प्रश्न झाला. सांगवीकराला तो तत्काळ समजला असता.

आता एक अडचण, जी आम्हाला या साऱ्यात सर्वांत गंभीर वाटते. या मुलाच्या दिवसातल्या भाषा मोजून पाहा. पुस्तके आणि व्याख्याने इंग्रजीत. खाटेवरच्या रुग्णाशी, दुकानदाराशी, दारावरच्या म्हातारीशी रशियन. केरळ-राजस्थानच्या मित्रांशी हिंदी. घरी फोनवर अहिराणी. आम्ही दोन वर्षे खपून त्याला जी प्रमाण मराठी शिकवली, तिला त्याच्या दिवसात एकही तास नाही. ती त्याने फक्त आमच्यासाठी, वार्षिकांकापुरती काढली, ठेवणीतल्या कपड्यासारखी. म्हणून तिच्यातून हिमाची दुलईच आली. (जळगावकडच्या मुलांच्या बाबतीत अहिराणीच्या जागी लेवा बोली घाला, गणित तेच.) ज्या भाषेत तो दिवस घडतो आणि रात्री सांगितला जातो त्या भाषेत लिहायला आम्ही त्याला कधी सुचवलेच नाही. बहिणाबाईंचे नाव विद्यापीठाला देणाऱ्या प्रदेशात हे व्हावे, याची आम्हाला शरम वाटते.

यावर एक सहकारी म्हणाले, लिहायलाच कशाला हवे? मुले रोज घरी दृक्-फोन करतात, सगळे बोलतात, तेवढ्याने भागते. घराचे भागते, हे खरे. पण धुळ्यात बसून हा युक्तिवाद करू नये. येथे राजवाडे संशोधन मंडळाच्या इमारतीत ज्यांची दप्तरे जपून ठेवली आहेत, त्या वि. का. राजवाड्यांनी गावोगावच्या माळ्यांवरून पत्रे आणि जुने कागद गोळा करून इतिहासाची साधने छापली. ज्याला लिहिणाऱ्याने रोजचे समजून बाजूला टाकले होते तेच पुढे साधन ठरले. फोनवरचे बोलणे माळ्यावरही उरत नाही.

आणि उरत नाही म्हणून काय होते, तेही आम्ही पाहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले तेव्हा तेथील भारतीय विद्यार्थी वृत्तपत्रांना प्रथमच दिसले. जून २०२४ मध्ये रशियात वेलिकी नोव्हगोरोद येथे वोल्खोव नदीत चार भारतीय वैद्यकीय विद्यार्थी बुडून मरण पावले. त्यांत जळगाव जिल्ह्यातील मुले होती. आठवडाभर आमच्या दैनिकांत त्यांची छायाचित्रे होती, नदी होती, पार्थिव आणण्याची कार्यवाही होती. त्या मुलांनी तेथे कोणती खोली घेतली, काय शिजवले, कोणत्या बसने ती जात असत, नदीकाठी संध्याकाळी का जावेसे वाटते, यातले काहीच आम्हाला ठाऊक नव्हते. ठाऊक करून घेण्याची कोणतीही वाट आमच्या साहित्यात नव्हती. वर्गात त्या आठवड्यात आम्ही प्रवासवर्णनाचा घटक पुढे ढकलला. धैर्य झाले नाही.

ऑगस्ट २०२५ पासून रशियाने व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरील कॉलवर निर्बंध आणले. आमच्या विद्यार्थ्याचा घरचा फोन लागेनासा झाला. लागला तर आवाज तुटे. तेव्हा त्याने मजकूर पाठवायला सुरुवात केली. प्रथम दोन ओळी, मग दहा, मग स्क्रीन संपेल इतके. आईला वाचता येत नाही, म्हणून धाकटी बहीण ते मोठ्याने वाचून दाखवते. ती यंदा आमच्याच महाविद्यालयात आहे. तिने ते मजकूर आम्हाला दाखवले. माय, आठे बरफ पडी राहिना, अशी एकाची सुरुवात आहे. पुढे त्या दिवशी बस न आल्याने तो किती चालला, पाय कोठे घसरला, कोणत्या बाईने हात दिला आणि ती काय म्हणाली, आणि बटाट्याचा भाव. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत. दुलई कोठेही नाही.

आम्ही त्याच्या बहिणीला ते सगळे एका वहीत उतरवून ठेवायला सांगितले आहे. तिने विचारले, ‘सर, प्रमाण भाषेत करून उतरवू की आहे तसं?’