राखणदाराचे औषधपाणी

रत्नागिरीच्या आंबाबागेत वानरांना हुसकावणारा कुत्रा हा कुणाचा शौक नव्हे. तो बिनपगारी राखणदार आहे. तो आजारी पडला की मजुराची आठवड्याची कमाई खासगी दवाखान्यात खपते. परळचे जनावरांचे रुग्णालय तर ३०० किलोमीटरांहून दूर! ‘हौस आहे, तर खर्च करा’ हे पोटभरल्यांचे तत्त्वज्ञान झाले. २०२२ साली लम्पीच्या साथीत शासनाने गुरांना मोफत लस टोचलीच ना? कुत्रा चावल्यावर माणसाला सरकारी रुग्णालयात रेबीजची लस विनामूल्य मिळते. कुत्र्यालाच ती आधी टोचणे कितीतरी स्वस्त, आणि त्यात माणसाचा जीवही वाचतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांनी हे काम वाडीवाडीवर, मोफत केले पाहिजे. कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत तसा ठराव मांडावा.