संगीताच्या तासाचा हिशेब

आपल्या पिढीने पाढे वाचून पाठ केले नाहीत, तालावर घोकले. तिन्हीसांजेला दिवा लागला की घरोघर परवचा सुरू होई. पुढे बँकेत आकड्यांशी संसार केला, तेव्हा ती लयच कामी आली.

आज मात्र ज्या मुलांना या लयीची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच हातून ती काढून घेतली जाते. शाळेत एखादे मूल वाचनात मागे पडले की त्याला संगीताच्या तासातून उठवून जादा वर्गाला बसवतात. ज्या एका तासाला ते इतरांच्या बरोबरीने बसते, नेमका तोच जातो.

डिस्लेक्सिया म्हणजे मंदबुद्धी नव्हे. 'तारे जमीं पर'ने २००७ साली हे घराघरांत पोहोचवले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेला स्थानही मिळाले. केंब्रिजच्या संशोधक उषा गोस्वामी यांनी २०११ मध्ये मांडले की, या मुलांच्या अडचणीचे एक मूळ बोलण्यातली लय पकडण्यात असावे. शब्दांचे तुकडे कानाला नीट जाणवले नाहीत, तर ते अक्षरांशी जुळायचे कसे? टाळी वाजवत 'क-म-ळ' म्हणणारी बालवाडीची बाई नकळत हेच काम करीत असते.

इंग्लंडमध्ये १९५९ साली संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स विशेष मुलांसाठी एकत्र आले. मुलाने ढोल कसाही बडवावा, नॉर्डॉफ यांचा पियानो त्याच्या मागून जाई. आपल्या आवाजाला कोणी उत्तर देते, हे त्या मुलाला तिथे उमगे.

अर्थात संगीत हे रामबाण औषध नव्हे. वाचनाचे खास शिक्षण लागतेच, त्याला पर्याय नाही. संगीतोपचार हेही प्रशिक्षित माणसाचे काम आहे. पेटी वाजवता आली की झाले, असे नाही. 'रागाने मूल हुशार होते' असे सांगून फी उकळणाऱ्यांपासून पालकांनी चार हात दूरच राहावे.

परंतु शाळेला संगीतोपचारक परवडत नसला, तरी टाळ, खंजिरी आणि आठवड्याचे दोन तास परवडतात. त्या तासांना कोणतेही मूल उठवायचे नाही, एवढा नियम करायला तर एक पैसाही लागत नाही. पुढच्या पालकसभेत गुणांच्या आधी एवढेच विचारावे : आमच्या मुलाचा संगीताचा तास शाबूत आहे ना?