पहिली भाषा एकच, पण पक्की!

बारावीनंतर संगणकशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींना पहिल्याच महिन्यात एक प्रश्न सतावतो. सी शिकावी, जावा शिकावी की पायथन? सीनियर एक सांगतो, क्लासवाला दुसरेच सांगतो. ज्याच्या घरातून याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्याने विचारायचे तरी कोणाला? नेमक्या याच अडचणीचा बाजार मांडला गेला आहे. 'सहा महिन्यांत पाच भाषा, नोकरीची हमी' अशा पाट्या लावून हजारो रुपये फी उकळली जाते. त्यासाठी आईबाप दागिने गहाण ठेवतात, पतसंस्थेचे कर्ज काढतात.

प्रोग्रॅमिंग म्हणजे भाषा पाठ करणे नव्हे, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. एखादे काम लहान लहान पायऱ्यांत मोडून ते यंत्राला बिनचूक सांगणे म्हणजे प्रोग्रॅमिंग. व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन ही सूत्रे सी, जावा, पायथन या तिन्ही भाषांत आहेत. ती एका भाषेत पक्की झाली की दुसरी भाषा जड जात नाही. पाच भाषांची नुसती तोंडओळख असलेला मात्र शंभर आकड्यांतून सर्वांत मोठा आकडा शोधायला सांगितला की अडखळतो.

मग सुरुवात कोठून करावी? डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवलेली सी भाषा यंत्राची मेमरी कशी चालते ते दाखवते. पण पॉइंटरपाशी नवखा विद्यार्थी अडतो. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये जगापुढे आणलेली पायथन वाचायला सोपी आहे, मात्र आतले यंत्र ती झाकून ठेवते. अमेरिकेत एमआयटीने पहिल्या अभ्यासक्रमासाठी स्कीम सोडून पायथन घेतली. हार्वर्डचा प्रसिद्ध सीएस५० अभ्यासक्रम मात्र सी आधी आणि पायथन नंतर शिकवतो. दोन्ही वाटांनी विद्यार्थी तयार होतात. म्हणून पहिल्या सेमिस्टरला जी भाषा लावली आहे तीच धरावी, कारण तिच्यासाठी शिक्षक, प्रयोगशाळा आणि सोबती तयार असतात. निवड आपल्याच हाती असेल तर पायथन घ्यावी. पण एकदा धरलेली भाषा वर्षभर सोडू नये.

यासाठी पैसा लागत नाही. सीचा जीसीसी कंपायलर आणि पायथन दोन्ही फुकट आहेत, जुन्या संगणकावरही चालतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी भाषेचे धडे मराठी निवेदनातही आहेत. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य पाहता येतात. घरी संगणक नसेल तर प्रोग्रॅम वहीत लिहावा, ओळीओळीने हाताने सोडवावा आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत चालवून पाहावा. प्रयोगशाळा बंद राहत असेल तर ती उघडायला लावावी. तो विद्यार्थ्यांचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

आता एआयला विचारले की तयार प्रोग्रॅम मिळतो. तो उतरवून घेणे आणि गाईडमधून उत्तर उतरवणे यांत फरक नाही. मुलाखतीत आपली चूक आपल्यालाच शोधावी लागते.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, पाटीला भुलू नका. फी भरण्याआधी क्लासवाल्याला एवढेच विचारा, नोकरीची हमी स्टॅम्प पेपरवर लिहून देता काय?