जुनी वस्ती दाखवताना

दिवाळीची सुटी लागली की डोंबिवली, कल्याण, बदलापूर अशा ठिकाणांहून काही कुटुंबे लोकलने मुंबईकडे निघतात आणि चिंचपोकळीच्या किंवा करी रोडच्या स्थानकावर उतरतात. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि शाळेत जाणारी नातवंडे असा तो परिवार असतो. समुद्र किंवा राणीची बाग पाहण्यासाठी ही मंडळी आलेली नसतात. आजोबांचे उमेदीचे आयुष्य ज्या चाळीत, ज्या गल्लीत आणि ज्या गिरणीत गेले, ती जागा नातवंडांना दाखवायची असते.

या जागेचे नाव गिरणगाव. कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना 1854 साली केली आणि 1856 मध्ये ती चालू झाली. पुढे लालबाग, परळ, भायखळा, वरळी, शिवडी या भागांत गिरण्या वाढत गेल्या. त्यांच्या भोंग्यांवर लाखो माणसांचा दिवस बांधलेला असे. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली, तसे तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, उत्तर प्रदेशातूनही कामगार आले. कुटुंब गावी ठेवून आलेले पुरुष एकेका खोलीत वीस-पंचवीस जण राहत. एका पाळीचे कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे त्याच जागेवर झोपत.

आता अशा सहलीत प्रत्यक्ष काय दाखवले जाते? लालबागच्या मिरची-मसाल्याच्या दुकानांपाशी क्षणभर थांबणे होते, चिवडा घेतला जातो. 1934 पासून गणेशोत्सव करणाऱ्या मंडळाची जागा दाखविली जाते. कामगारांची नाटके जिथे रंगत, त्या परळच्या दामोदर नाट्यगृहाची आठवण निघते. यात गैर काहीच नाही. जिभेची आठवण बहुधा सर्वांत शेवटी जाते. परंतु मुलांच्या पदरी एवढेच पडले, तर ती चिवडा खाऊन परत जातात. उंच काचेच्या इमारती आणि मॉल त्यांनी आधीच पाहिलेले असतात. त्यांच्यामध्ये उभी असलेली एखादी जुनी चिमणी पाहून ‘हिला चिमणी का म्हणतात?’ असे एखादे लहान मूल विचारते आणि मोठी माणसे हसून पुढे चालू लागतात.

चाळीपाशी पोहोचल्यावर मात्र एक गोष्ट हमखास घडते. आजोबा गॅलरीविषयी बोलू लागतात. रात्री रंगणारे भजन, क्रिकेटच्या समालोचनासाठी एका रेडिओभोवती जमलेला मजला, कोणाच्याही घरात न विचारता होणारे जेवण, या साऱ्याचे वर्णन करताना त्यांचा आवाज बदलतो. आजी बहुधा गप्प असते. तिला विचारले, तर तिच्या आठवणी दुसऱ्याच निघतात. पहाटे पाणी यायच्या आधी लावलेल्या हंड्यांची रांग, मजल्याच्या टोकाचे सामाईक संडास, कोपऱ्यातल्या मोरीला साडीचा आडोसा करून उरकलेली आंघोळ, आणि पाहुणे आले की स्वयंपाक संपेपर्यंत पाठ टेकायला न मिळालेली जागा. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. पण आपल्याकडे जुन्या वस्तीविषयी बोलले जाते, ते बहुतेक वेळा गॅलरीच्या बाजूने. मोरीच्या बाजूने फारसे कोणी बोलत नाही. म्हणून अशा फेरीत आजीला पुढे चालू द्यावे. मुलांना वस्ती खऱ्या अर्थाने दिसेल, ती तिच्या बोलण्यातून.

‘किती छान होत्या चाळी, पाडायला नको होत्या’ असा उसासाही या वेळी ऐकू येतो. तो टाकणारे सहसा चाळ सोडून गेलेले असतात. 1920 च्या दशकात सरकारी विकास खात्याने बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली अवघी 160 चौरस फुटांची आहे. त्या जागी 500 चौरस फुटांचे घर देण्याची योजना आखली गेली आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीतील पहिल्या 556 रहिवाशांना किल्ल्या मिळाल्या. स्वतःच्या घरात स्वतःचा नळ असावा, ही इच्छा शंभर वर्षे थांबली होती. आपल्या आठवणी जपण्यासाठी दुसऱ्याने अडचणीत राहावे, अशी अपेक्षा करणे न्याय्य नाही. अर्थात नव्या उंच इमारतीत शेजारधर्माचे काय होईल, ही शंकाही खोटी नाही. पण तिचे उत्तर तिथे राहणाऱ्यांनी द्यायचे आहे.

या फेरीतील सर्वांत अवघड जागा म्हणजे गिरणीचे फाटक. तिथपर्यंत भरभरून बोलणारे आजोबा तिथे थबकतात. साचे खात्यातला आवाज, कापसाचे तंतू, बदली कामगार म्हणून रोज सकाळी फाटकाशी ताटकळत काढलेली वर्षे, एवढे सांगून होते आणि मग ते म्हणतात, ‘नंतर संप झाला.’ बस्स. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. असंख्य कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही. गिरण्यांची जमीन मात्र पुढे सोन्याच्या मोलाची झाली. गिरणी कामगारांच्या घरांची मोठी सोडत निघाली, ती 2012 साली, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी.

हे सगळे ‘संप झाला’ या दोन शब्दांत गुंडाळले जाते. मुलांना त्रास नको, हे एक कारण. हरल्याची लाज, हे दुसरे. आणि ते अधिक खरे असावे. मात्र ही लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही. पगार, बोनस आणि बदली कामगारांना कायम करणे, या मागण्यांसाठी माणसे उभी राहिली होती. घरातल्या माणसाने हे सांगितले नाही, तर नातवाला गिरणगाव म्हणजे केवळ मॉलच्या आधीची रिकामी जमीन वाटेल. परीक्षेपुरते वाचलेले आणि आजोबांच्या तोंडून ऐकलेले यांत फार अंतर असते.

आजोबा बोलत नसतील, तर आजी बोलते. गिरणगावातल्या कितीतरी स्त्रिया खाणावळ चालवीत. महिन्याच्या हिशेबाने दहा-पंधरा कामगार त्यांच्याकडे जेवत. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अशाच स्त्रियांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. संप लांबला तसे जेवणारे एकेक करून गावी गेले. उधारी वहीतच राहिली. वाण्याचे देणे मात्र चुकले नाही. त्यासाठी हातातल्या पाटल्या गेल्या. परतीच्या लोकलमध्ये खिडकीपाशी जागा मिळाल्यावर एखादी आजी हे असे सहज सांगून टाकते. जेवणाऱ्यांची नावे, त्यांची गावे, कोणाला तिखट चालत नसे, सगळे तिला पाठ असते. मांडीवरची चिवड्याची पिशवी बाजूला ठेवून नात विचारते, ‘आजी, ती वही कुठे आहे?’ आणि आजोबा, जे इतका वेळ बाहेर पाहत असतात, ते सांगतात की ती अजून कपाटात आहे.